मका मस्त

१४ जानेवारी, मंगळवार

अब्बांनी आज पहिलीच चाल उलटी केली! चांदी एक घर पुढे आणि मग उंट मागे. मागे! आपलाच उंट चांदीच्या रिकाम्या जागेवर नेऊन बसवला आणि वर मलाच म्हणाले, "चल गो, तुजी बारी."

मी बघतच राहिले. चूक झाली म्हणावं, तर चेहरा अगदी शांत.

शोगी मला अब्बांनीच शिकवली. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. माझे सासरे तीस वर्षं जपानी कंपनीच्या बोटींवर होते. शेवटी सारंग झाले, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. बोटीवरच्या जपानी स्वयंपाक्यानं त्यांना हा खेळ शिकवला. ते रिटायर होऊन दाभोळला आले आणि त्याच वर्षी मी लग्न होऊन त्या घरात गेले. खेळायला कुणी नव्हतं, म्हणून नव्या नवरीलाच पटावर बसवलं! सोंगट्यांवर जपानी अक्षरं. त्यांनी खाली पेन्सिलीनं माझ्यासाठी लिहिलं — रा, ह, उं, सो, चां, घो, भा, प्या. राजा, हत्ती, उंट, सोनं, चांदी, घोडा, भाला, प्यादं. मारलेली सोंगटी फुकट जात नाही, ती आपल्या हातात येते आणि आपल्याच बाजूनं परत पटावर उतरते. अब्बा म्हणतात, "गल्फसारका. जो पकडेल त्याची नोकरी."

पण पहिल्या चाली ठरलेल्या. उंटाच्या वाटेतलं प्यादं आधी सरकवायचं, उंटाला रस्ता द्यायचा. मग राजाला कोपऱ्यात नेऊन भोवती सोन्याचांदीची भिंत बांधायची. "राजा उघडा ठेवून लढनारा येडा," हे त्यांचंच वाक्य. आणि आज त्यांचा राजा शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

एरवी मी हसले असते. पण परवाच माझा नवरा रमीज म्हणाला, "रबिया, तू रोज अब्बांबरोबर खेळतेस. तूच सांग. एकटे राहतील का ते?"

अब्बांना दाभोळला परत जायचंय. रमजानच्या आधी. सासूबाई गेल्या, त्यानंतर रमीज त्यांना इथं गल्फला आमच्याकडे घेऊन आला, त्याला चौदा महिने झाले. चौदा महिने अल रय्यानच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या एसींकडे बघत. "माजी खाडी मला पायजे," एवढंच म्हणतात. घर आहे, शेजार आहे, पण त्या घरात राहणार एकटेच. गॅस, पाण्याची मोटर, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं एकट्यानं.

आणि डोकं ठिकाणावर आहे की नाही ते मी सांगायचं! मी काय डॉक्टर आहे?

१५ जानेवारी, बुधवार

आज पुन्हा तेच. चांदी पुढे, उंट मागे. मी हरले!

हरल्यावर आमच्याकडे "मका मस्त" म्हणायचं. अब्बांचं बोटीवरचं जपानी — "माकेमाश्ता", म्हणजे मी हरलो. लेक रिदा चार वर्षांची असताना तिला ते "मका मस्त" ऐकू आलं आणि तेच आम्हा तिघांत रुजलं. पण अब्बांची शिस्त कडक. हात गुडघ्यांवर, मान खाली, आणि हरणाऱ्यानं स्वतः बोलायचं. जिंकणाऱ्यानं "हरलीस" म्हणायचं नाही. बोलल्याशिवाय डाव संपत नाही.

मग अब्बांनी वहीत नोंद केली. तारीख, कोण जिंकलं, एखादं वाक्य. बोटीवरची सवय. तशा सात वह्या झाल्यात.

१७ जानेवारी, शुक्रवार

सुटले बाई!

जुम्म्याची नमाज पढायला रमीज आणि अब्बा गेले होते. रिदाला सगळं सांगितलं. बारा वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. पाच मिनिटांत यूट्यूबवर एक जपानी व्हिडिओ काढला. "मम्मा, लुक. इट्स अ रिअल ओपनिंग!"

आणि खरंच! तीच चांदी, तोच मागे ओढलेला उंट, तोच उघडा राजा. कुणा हौशी खेळाडूनं काढलेली तऱ्हा आहे म्हणे. आधी लोक हसायचे, मग तिच्यापुढेच हरायला लागले.

"यू पॅनिक अबाउट एव्हरीथिंग," रिदा म्हणाली. बरोबरच आहे तिचं. सासूबाई म्हणायच्या, दुधात माशी नसली तर रबिया गवळ्यावर संशय घेईल.

बिर्याणी छान झाली आज.

१९ जानेवारी, रविवार

पण मग अब्बांना ही तऱ्हा कळली कुठून? त्यांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपशिवाय काही नाही. व्हिडिओ तर त्यांना कधी सुरूच करता येत नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोनी शिकवला नाय. सुचला."

सुचलं! चाळीस वर्षं एकाच वाटेनं चाललेल्या माणसाला आता आडवाट सुचली. सुचली की नेहमीची वाट सापडेना?

हे कसं ओळखायचं? चूक करणारा आणि मुद्दाम वेगळं खेळणारा, पटावर दोघं सारखेच दिसतात.

२२ जानेवारी, बुधवार

दुपारच्या नमाजेला अब्बांनी मुसल्ला स्वयंपाकघराकडे तोंड करून अंथरला.

अब्बांनी! हा माणूस कुठल्याही नव्या खोलीत शिरला की आधी किब्ला, म्हणजे नमाजेची दिशा, सांगतो. मोबाइलवर बघावं लागत नाही. रमीजच्या वेस्ट बेच्या ऑफिसात, चोविसाव्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर आल्या आल्या बोट दाखवलं होतं. "बोटीवर दिशा चुकली का सगला चुकला."

मी भांडी घासत होते. हात तसाच थांबला. अब्बा हात बांधून उभे राहिले, मग क्षणभर थबकले, मुसल्ला उचलला आणि बरोबर दिशेला घातला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नळ मोठा सोडला.

कुणाचंही होतं असं. माझंही होतं. परवा मी चहाची पावडर फ्रिजमध्ये ठेवली.

२५ जानेवारी, शनिवार

रमीज त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. नुसती तपासणी. शुगर ठीक, बीपी ठीक. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, वार विचारला. अब्बांनी तारीख सांगितली, वार सांगितला आणि वर दाभोळला आज भरती किती वाजता तेही सांगितलं! रमीज घरी येऊन हे तीनदा सांगून हसला.

संध्याकाळी दाभोळहून रिफतचाचींचा फोन. शेजारच्या, घराची किल्ली त्यांच्याकडे असते. "घर धुवून ठेवलाय. पाठवा त्यांना, मी हाय ना!" अब्बांनी फोन कानाला असा धरला होता की जणू त्यातून खाडीचा वारा येतोय.

चौदा महिन्यांत असा चेहरा मी पाहिला नव्हता.

२८ जानेवारी, मंगळवार

आज मी परीक्षा घेतली. लाज वाटते लिहायला, पण घेतली.

"अब्बा, आज जुनाच डाव खेळू या. भिंत बांधायचा. मी विसरत चाललेय, मला दाखवा."

पट मांडला. सोंगट्या लावल्या. अब्बांनी उंटाच्या वाटेतलं प्यादं सरकवलं. मीही सरकवलं. दुसरी चाल, तिसरी. मग त्यांचा हात सोन्यावर गेला. तिथंच राहिला. मग चांदीवर. मग परत सोन्यावर. मी चहाचा कप उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर कुणीतरी पाण्याच्या बाटल्या उतरवत होतं, त्याचे आवाज.

"डोले दुकतात गो आज," म्हणाले आणि पट आवरला. स्वतः! पट नेहमी मी आवरते.

वहीत आज काही लिहिलं नाही त्यांनी.

२९ जानेवारी, बुधवार

आज परत चांदी पुढे, उंट मागे. झकास खेळले. माझा हत्ती मारला आणि गाणं गुणगुणत होते. मी हरले, खरीखुरी हरले.

मग काय समजायचं माणसानं?

३० जानेवारी, गुरुवार

सांगून टाकलं.

रमीज ऑफिसातून आला तोच फोन हातात घेऊन. "रमजानच्या गर्दीत सीट मिळणार नाही. फायनल सांग, रबिया. होय की नाही?" अब्बा सोफ्यावर. बातम्या लावल्या होत्या पण ऐकत नव्हते, आमचंच ऐकत होते. कान कसे उभे!

आणि मी म्हटलं, "अब्बा ठणठणीत आहेत. मला रोज हरवतात."

खोटं नाही. पण खरं तरी आहे का?

वीस फेब्रुवारीचं तिकीट काढलं. अब्बांनी रिदाच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे बघून मान हलवली. त्या हलवण्यात काय होतं ते मला अजून कळत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

छातीत धडधड. ईसीजी काढावा का? रमीज म्हणतो, गॅस झालाय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमीजनं दाभोळच्या घरासाठी गॅस आपोआप बंद होणारं यंत्र मागवलंय. सगळ्या गोळ्यांच्या डबीवर मी वार लिहिले. रिफतचाचींना रोज सकाळी हाक मारायला सांगितलं. हे सगळं केलं की बरं वाटतं. दहा मिनिटं.

अब्बा आनंदात. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दाभोळच्या शेजारपाजारच्या पोरांसाठी टँगचे चार डबे आणले. मी म्हटलं, "अब्बा, टँग आता दाभोळला पण मिळतं." "मिलू दे. गल्फचा तो गल्फचा."

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्पोर्ट्स डेची सुट्टी. रमीज आणि रिदा सकाळीच समुद्रकाठी कॉर्निशला चालायला गेले. घरात मी आणि अब्बा. पट मांडला.

शोगीत एक नियम आहे, पोरांनाही पहिल्या दिवशी शिकवतात. एका उभ्या रांगेत आपली दोन प्यादी ठेवायची नाहीत. हातातलं प्यादं उतरवताना आधी रांग बघायची. ठेवलं, तर तिथल्या तिथे हार. माफी नाही, चाल मागे घेणं नाही. खलास.

अब्बांनी ठेवलं.

मधल्या रांगेत. खाली त्यांचं एक प्यादं होतंच, दोघांमध्ये एकच घर रिकामं. झाकलेलं नाही, लपलेलं नाही, ढळढळीत. सोंगटी टक् करून वाजवली आणि हात मागे घेतला. मी पटाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. ते माझ्याकडेच बघत होते.

डोक्यात तिकीट, गोळ्यांच्या डब्या, टँगचे चार डबे. आणि मी माझी चांदी उचलून पुढे सरकवली. जणू काही झालंच नाही!

पुढे वीस मिनिटं खेळलो. अब्बा जिंकले. मी हात गुडघ्यांवर ठेवले, मान खाली घातली आणि म्हटलं, "मका मस्त."

या शब्दाला मी आजवर कधी खोटी पडले नव्हते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिपळूणला शाळेत आम्ही लहान भावंडांना "कच्चं लिंबू" करायचो. ते आउट झालं तरी आउट नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय, आणि बाकीचे एकमेकांकडे बघून हसतात.

मी अब्बांना कच्चं लिंबू केलं. ज्यांच्या एका शिट्टीवर तीस खलाशी धावायचे, त्यांना!

रमीजला सांगायला पाहिजे. आज सांगते. तो आला की लगेच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नाही सांगितलं.

तो आला तेव्हा अब्बा रिकाम्याच बॅगेला दोरी बांधत होते. बोटीवरची गाठ. रिदाला शिकवत होते, आणि गाठ एकदाही चुकली नाही. मी काय सांगणार होते? दोन प्यादी एका रांगेत ठेवली म्हणून तुझ्या बापाला घरी जाऊ देऊ नकोस? रमीजला तर शोगीतलं ओ की ठो कळत नाही.

आणि नाही सांगितलं, नि तिथं एकटे असताना काही झालं, तर? खाडीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मी अब्बांचं सामान भरत होते. म्हणाले, "पट नको भरू. तिथं कोन खेलनार? तुज्याकडंच राहू दे." वह्या मात्र भरायला सांगितल्या. सातवी वही उघडीच होती.

वाचायची नव्हती. वाचली.

अब्बा दाभोळच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, अक्षर मोठं आणि सरळ. अकरा फेब्रुवारीसमोर लिहिलंय:

"रबिया जिंकली. एका रांगेत माझी दोन प्यादी. तिने पाहिले. बोलली नाही."

मी पलंगावर बसले. "मका मस्त" मी म्हटलं होतं, आणि वहीत मीच जिंकले होते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. चार दिवस ठाऊक होतं! चार दिवस मी त्यांना चहा देतेय आणि ते "शुक्रन" म्हणून हसतायत!

१६ फेब्रुवारी, रविवार

रमीज ऑफिसला, रिदा शाळेत. मी वही घेऊन समोर जाऊन बसले. रडूच आलं. चाळिशीला आलेली बाई, फ्रॉकातल्या पोरीसारखी रडले.

"अब्बा, ते प्यादं मुद्दाम ठेवलं होतंत ना? मी बोलते का बघायला?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली.

"तेच तर मला ठाव नाय गो. हात उचलला, तवा कलला."

मग स्वतःच बोलू लागले. इतकं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "जुने डाव सगले पाठ होते. धा धा चाली, डोले मिटून. आता मदीच वाट बुजते. पुढं काय ते सापडत नाय. म्हनून हा डाव काडला. ह्यात वाटच नाय. मग चुकला काय नि बरोबर काय, कोनाला कलनार?"

म्हणजे आडवाट सुचली नव्हती. जिथं पाठांतर लागतच नाही अशी जागा त्यांनी शोधली होती. आणि तिथंही राजा उघडाच.

मी म्हटलं, "रमीजला मी सांगू?"

त्यांनी हात वर केला. शिट्टी मारायच्या आधी सारंग करतो तसा असणार. "नाय. नियम काय शिकवला तुला? हरनाऱ्यानंच बोलायचा. दुसऱ्यानं बोलला तर ती हार नाय, बेइज्जती."

"पण मग तुम्ही बोलणार का?"

"माजी बारी हाय. विचार करू दे."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अजून बोलले नाहीत.

रमीजनं मुंबईच्या भाच्याला विमानतळावर यायला सांगितलं. रिफतचाचींनी फोनवर फणसाच्या झाडाला कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लागल्याचं सांगितलं. अब्बा हसले, "मी येईतो थांब म्हनावा त्यांना."

शोगीत विचार करायला किती वेळ घ्यायचा याला मर्यादा असते म्हणे. आमच्या घरात कधीच नव्हती. घड्याळ असतं तर बरं झालं असतं!

१९ फेब्रुवारी, बुधवार

बॅग दाराशी. वर दोरी, त्यावर ती बोटीवरची गाठ.

दुपारी मी पट मांडला. अब्बा म्हणाले, "आज नको." पण बसून राहिले. सोंगट्या एकेक उचलून खालची पेन्सिलीची अक्षरं बघत होते. पुसट झालीत. रिदाची पेन्सिल मागून घेतली आणि सगळी परत ठळक केली. रा. ह. उं. सो. एकही चुकलं नाही.

माझ्या तोंडात शब्द येऊन परत जातो. उद्या संध्याकाळी विमान. उद्या सकाळपर्यंत ते बोलले नाहीत तर मी बोलणार. नियम गेला खड्ड्यात. बेइज्जती तर बेइज्जती. अल्ला, मला माफ कर, पण मी बोलणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून नाश्त्याला बसले. टॅक्सी किती वाजता बोलवू, असं रमीज विचारत होता. अब्बांनी खिशातून पासपोर्ट काढून त्याच्या ताटलीशेजारी ठेवला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर. मान खाली.

"मका मस्त."

रमीज हसला. "मका? कुठला मका, अब्बा?"

रिदानं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. अब्बा मान वर करीनात.

अर्थ मलाच सांगावा लागला.